उभ्या रेघांची गाय

प्रफुल्ल निमजेच्या पिशवीत रंगाच्या बारा नळ्या असत आणि त्यांचा क्रम कधी बदलत नसे. डावीकडून तिसरी लाल, सातवी हिरवी. कुणी हात लावलाच तर तो हसून म्हणे, "देवघर आहे माझं ते, हलवू नका." शाळेतल्या लोकांना वाटे, कलाकार माणूस, असते एकेकाची लहर.

लहर नव्हती. प्रफुल्लला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत.

चौतीस वर्षांचा हा माणूस रायपुरातल्या एका खाजगी शाळेत सहा वर्षं चित्रकला शिकवत होता आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्याचे वडील शंकरराव, मालगाडीचे निवृत्त गार्ड. दुसरी बायको पूर्णिमा. तिला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. मोबाईल चार्ज झाला का, हे तो चार्जरचा दिवा पाहून सांगत नसे. दर वेळी फोन उघडून पाही. तिने एकदा विचारलं, "काहून, दिवा दिसत नाही का?" त्याने फोन खाली ठेवला. मग सगळं सांगितलं.

एकविसाव्या वर्षी त्याने रेल्वेची लेखी परीक्षा काढली होती. शंकररावांनी कॉलनीत पेढे वाटून टाकले. मग वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानोपानी रंगीत ठिपके. ठिपक्यांत आकडे लपलेले आहेत म्हणे. "हा कोणता?" त्याला आकडा दिसेना. "आणि हा?" तोही नाही. मागे रांगेत उभा असलेला एक जण हसला, "लाल-हरा समझ में नहीं आता और गाड़ी चलाएगा!" प्रफुल्ल मान खाली घालून त्या पानावर शोधत राहिला. त्याला वाटत होतं, अजून थोडा वेळ मिळाला तर सापडेल.

घरी आल्यावर शंकरराव म्हणाले, "लोकाइले चष्म्याचा नंबर निघाला म्हणून सांगजो. बाकी काही बोलू नको. लग्न नाही होनार तुयं." तेव्हापासून तेरा वर्षं तो बाहेर कुणाशी बोलला नव्हता.

पेन्सिल मात्र त्याच्या हातात लहानपणापासून खेळायची. तो खैरागडच्या कला विद्यापीठात गेला, छापचित्रकला घेतली. काळ्या शाईत कुणी त्याचा हात धरू शकत नव्हतं. पोटासाठी शाळा धरली. शाळेत रंग शिकवावे लागतात. त्यावर त्याने एक युक्ती काढली. रंगाबद्दल तो बोलतच नसे. "मेरी आँख से मत देखो, अपनी आँख से पूछो," असं मुलांना सांगे. पालक खूश होते. सर मुलांना किती मोकळीक देतात!

चूक झाली की ती त्याला रंगावरून कधीच कळत नसे. समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळे. त्यामुळे चेहरे वाचायची त्याला सवय लागली होती. दिवसभर तो चेहरे वाचायचा आणि घरी येऊन थकून पडायचा.

यंदा शाळेने कलेची इतिहासाशी सांगड घालायला सांगितलं. प्रफुल्लने नववीसाठी विषय निवडला: आजचे लोगो, मध्ययुगातल्या ढाली. युरोपातले सरदार लढाईला निघाले की शिरस्त्राणात चेहरा झाकला जाई. मग कोण कुणाचा, हे ओळखायचं कसं? म्हणून ढालीवर चिन्ह. सिंह, गरुड, किल्ला, कमळासारखं एक फूल. आणि कडक नियम. सोनेरी आणि रुपेरी हे धातू. लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. रंगावर रंग चढवायचा नाही, धातूवर धातू नाही. एकावर एक असे आले पाहिजेत की धुळीतून, लांबून, घोड्यावरून दिसावेत.

हा नियम त्याला फार आवडला. उजेड आणि अंधार यांतला फरक त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. जुन्या एका पुस्तकात त्याला सापडलं की पुढे छपाई आली तेव्हा छापणाऱ्यांकडे नुसती काळी शाई असे. म्हणून त्यांनी रंग रेघांनी लिहायची पद्धत काढली. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. तिरप्या म्हणजे हिरवा. ठिपके म्हणजे सोनं. कोरी जागा म्हणजे चांदी. हे वाचलं तेव्हा तो वाचनालयातल्या खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. ग्रंथपालाने विचारलं, "क्या हुआ सर?" तो म्हणाला, "कुछ नहीं, पैर सो गया था."

तर असं ठरलं. मुलांनी आधी पेन्सिलने ढाल काढायची, रंगाच्या जागी रेघा मारायच्या. सर तपासणार. मग रेघांप्रमाणे रंग भरायचा. आता त्याला रंग ओळखायची गरजच नव्हती. रेघ वाचली की झालं.

मुलं पेटली. घरपोच जेवण आणणाऱ्या कंपनीच्या स्कूटरचा घोडा झाला, पाठीवर डबा. कोचिंग क्लासचा दिवा अजगराच्या तोंडात गेला. यशोधन नावाच्या मुलाने मोबाईल कंपनीच्या टॉवरचा बुरूज केला आणि बुरुजावर सिग्नल शोधणारा एक सैनिक उभा केला, हात वर करून. सगळा वर्ग त्यावर लोळला.

सोनिया बावणकरने दुधाच्या पिशवीवरची गाय घेतली. सिंहासारखी मागच्या दोन पायांवर उभी. पुढचे खूर हवेत, शेपूट वळसा घेऊन वर. ढालीवर ठिपके, म्हणजे सोनेरी पार्श्वभूमी. गायीच्या अंगावर उभ्या रेघा. लाल गाय. तिचं पेन्सिलकाम पाहून प्रफुल्ल मनात म्हणाला, पोट्टीचा हात आहे. ती फार बोलत नसे. घरी मराठी, पण उत्तर हिंदीत. वर्गातल्या तिघा-चौघांसारखीच.

गुरुवारी घोळ झाला.

शाळेचे रंग संपत आले होते. मुलांनी उरलेसुरले रंग एकत्र करून प्लास्टिकच्या थाळ्यांत ओतले. बाटल्या नाहीत, नावं नाहीत. प्रफुल्ल उशिरा वर्गात आला. तोवर अर्धी चित्रं रंगली होती. टेबलावर सोनियाचं काम सगळ्यात वर होतं. गाय ढालीवर दणदणीत उठून दिसत होती. त्याने कागद उचलून वर धरला.

"इसको कहते हैं लाल! देखो, सोने पर कैसा चमक रहा है. बूढ़ा तालाब के उस पार से भी दिखेगा."

वर्ग गप्प झाला.

प्रफुल्लने चेहरे पाहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या भुवया वर गेल्या होत्या. खिडकीजवळचे दोघं एकमेकांकडे बघत होते. मागून यशोधन म्हणाला, "सर, गाय पालक खा-खा के हरी हो गई क्या?"

वर्गात हशा फुटला.

एका क्षणात प्रफुल्लने तोल सावरला. तेरा वर्षांचा सराव होता. तोही हसला. मान हलवत म्हणाला, "वही तो देख रहा था मैं, किसी को दिखता है कि नहीं! सोनिया, लाल-हरा समझ में नहीं आता क्या? आँखें घर पे छोड़ के आई?"

आता वर्ग सोनियावर हसला. कुणीतरी टाळी दिली. प्रफुल्लने कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती कागदाकडे पाहत होती. चूक कळलेली मुलं ओशाळतात, जीभ चावतात, खोडरबर शोधतात. सोनिया यातलं काही करत नव्हती. ती शोधत होती. गायीच्या पाठीवर, पोटावर, खुरांवर, पुन्हा पाठीवर. तिला वाटत होतं, अजून थोडा वेळ मिळाला तर सापडेल.

प्रफुल्लने पुढच्या मुलाचा कागद उचलला.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका मीरा खेर यांनी बोलावलं. त्या ब्राह्मणपारा वस्तीतल्या, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेल्या घरातल्या. त्यांचं मराठी पुस्तकासारखं. त्यांच्यापुढे प्रफुल्ल आपलं नागपुरी मराठी आवरून बोले.

"शनिवारच्या प्रदर्शनात बावणकरचं चित्र नको, सर. मी आत्ताच पाहिलं. भूगोलाच्या बाईंचीही तीच तक्रार. नकाशातली जंगलं तपकिरी रंगवते. तीन वेळा सांगून झालं. लक्षच नाही मुलीचं. पुढच्या वर्षी तिला चित्रकला देऊ नका. संगणक घेईल. तिची आई शनिवारी येणार आहे, तुम्हीच सांगा तिला."

"मॅडम, हात चांगला आहे तिचा."

"हात असून काय उपयोग? नजर हवी ना." त्या हसल्या. "आणि हो. तुम्हाला कायम करायचं पत्र संचालकांकडे गेलंय. सोमवारी सही होईल. सहा वर्षं वाट पाहिलीत."

"जी मॅडम," प्रफुल्ल म्हणाला.

संध्याकाळी तो कागद गुंडाळून घरी आला. बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर होतं. पूर्णिमा समता कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजीत कामाला होती, नुकतीच आली होती. त्याने कागद पलंगावर उलगडला.

"कोणता रंग आहे?"

"हिरवा. चांगला गडद. काहून?"

त्याने सांगितलं. सगळं, स्वतःच्या वाक्यासकट. पूर्णिमाने चहाचा कप खाली ठेवला.

"असं बोलला तू त्या पोट्टीले?"

"तोंडातून निघून गेलं."

"तुले जे बोलले होते, तेच?"

"हो ना."

तिने गायीवरून नुसता हात फिरवला. ते त्याला जास्त लागलं. मग तीच म्हणाली, "तिले बी तसंच असन तर?"

"पोट्टीइले नसते ते. डॉक्टर म्हणला होता तवा. हजारात चार-पाच निघतात."

"मंग त्या चार-पाच कुठंतरी राहतच असतीन ना!"

त्याला बसवेना. पडताळून पाहायचं म्हटलं तर कसं? तो स्वतः तपासणार कसा? तपासणारा आणि जिची तपासणी, दोघं एकाच विहिरीत. शेवटी पूर्णिमाने मासिकांमधून वीस पट्ट्या कापल्या. लाल, हिरव्या, तपकिरी, फिकट, गडद. प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरात रंगाचं नाव लिहिलं. म्हणाली, "पयले तू लाव. दोन ढीग कर. लाल इकडे, बाकीच्या तिकडे."

त्याने लावल्या. तिने उलटून पाहिल्या आणि त्याच्या लाल ढिगातून सात पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या मागे एकेक टिंब दिलं. "ह्या सात तुया चुकीच्या. पाह्य, ती कोणत्या चुकते."

शुक्रवारी शेवटच्या तासानंतर त्याने सोनियाला थांबवून घेतलं. वर्गाचं दार उघडं ठेवलं. पट्ट्या टेबलावर पसरल्या. "बस एक खेल है. लाल वाले इधर रख."

ती पटापट लावू लागली. मग वेग कमी झाला. एक पट्टी उजेडाकडे धरली, वाकवून पाहिली, लाल ढिगात टाकली. दुसरी नाकाजवळ नेली. प्रफुल्लला ती कृती ओळखीची होती. आपण बाजारात टमाटे असेच बघतो. तो तिच्या हातांकडे पाहत राहिला.

ती झाल्यावर त्याने लाल ढीग उलटा केला. टिंबाची पट्टी. टिंबाची. टिंबाची. सातपैकी सहा होत्या.

"सही है, सर?"

हीच वेळ होती. एक वाक्य पुरे होतं. पण सोमवारची सही त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ज्याला स्वतःला दिसत नाही असा चित्रकलेचा मास्तर. शंकररावांनी वाटलेले पेढे. "चष्म्याचा नंबर."

"ठीक है," तो म्हणाला. "जा, रिक्षा चुकेल."

ती दारापर्यंत गेली. वळली. "सर, मैं ध्यान देती हूँ. सच में देती हूँ. मम्मी को मत बोलिएगा कि नहीं देती."

शनिवारी शाळेच्या दालनात दोऱ्या बांधून चित्रं टांगली होती. पालकांची गर्दी झाली होती. यशोधनचा सैनिक पाहून लोक मोबाईल वर धरून फोटो काढत होते. प्रफुल्लने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सोनियाचं चित्र त्याच्या काखेत होतं, गुंडाळलेलं. दोरीवरची एक जागा रिकामी होती.

सोनियाची आई आली. अंगाने बारीक, घाईत असलेली बाई. मूळची तुमसरची, हे बोलण्यावरून लगेच कळलं. मीरा मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. आईने सुरुवातच हात जोडून केली.

"सर, मले माहीत आहे तुमी काय सांगनार. मी मारते बी तिले. ध्यानच नाही राहत पोट्टीचं. बापावर गेली. त्याईले बी शुद्ध नसते, एक मोजा हिरवा, एक तपकिरी घालून दुकानात जाते मानूस. लोकं हासतात."

सोनिया आईच्या मागे उभी होती. बोटं एकमेकांत अडकवून.

"निमजे सर," मीरा मॅडम म्हणाल्या, "सांगा ना. विषय बदलायचं."

प्रफुल्लने चित्र उलगडलं. "मॅडम, ध्यानाचा प्रश्न नाही. हिला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. काल मी पट्ट्या लावायला दिल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील. बहुतेक हिच्या वडिलांनाही असेल."

आईचं तोंड उघडंच राहिलं. मीरा मॅडमनी चष्मा सावरला.

"मुलीला? बरं. दाखवून घेऊ. पण मग गुरुवारी तुम्ही वर्गात हे चित्र वर धरून लाल म्हणालात, असं मुलं सांगतात. मला वाटलं, तुम्ही तिची चूक दाखवत होतात."

इथे सुटायला वाट होती. सरळ, झाडून ठेवलेली वाट. हो म्हटलं की संपलं. सोनियाला डॉक्टर मिळाला असता, त्याला सोमवार मिळाला असता.

सोनियानेच ती वाट दाखवली. ती घाईघाईने म्हणाली, "मज़ाक था, मैम. सर मज़ाक कर रहे थे मेरे साथ."

प्रफुल्लने तिच्याकडे पाहिलं. ती त्याला सांभाळून घेत होती. चौदा वर्षांची मुलगी. आणि तिला खरंच तसं वाटत होतं. सगळ्यांना दिसतं, मला एकटीलाच दिसत नाही, आणि सर त्यावर हसले. हे ती घरी घेऊन जाणार होती. तेरा वर्षं, किंवा त्याहून जास्त.

"मजाक नव्हता," तो म्हणाला. गर्दीत ते नीट ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. "मजाक नव्हता, मॅडम. मला तो लालच वाटला. तिथे रेघा उभ्या होत्या म्हणून. मलाही दिसत नाही. जन्मापासून. मग मुलं हसली आणि मी घाबरून तिच्यावर ढकललं."

शेजारी कुणाचा तरी फोन वाजला आणि वाजत राहिला. मीरा मॅडमनी दोरीवरच्या चित्रांकडे एकदा इकडून तिकडे पाहिलं, जणू ती सगळी नव्याने तपासायला हवीत. मग म्हणाल्या, "सहा वर्षं?"

"हो मॅडम."

"सोमवारी या मला भेटायला. दहाला." आणि त्या दुसऱ्या पालकांकडे वळल्या. त्यांचा चेहरा प्रफुल्लला वाचता आला नाही. एवढा सराव असून आला नाही.

तो जवळच्या बाकावर बसला. सोनियाची आई अजून त्याच्याकडेच बघत होती. राग नव्हता. ती नुसती चकित झाली होती.

"मंग सर, तुमी चित्रं काढता कशे?"

"विचारून," तो म्हणाला.

"कोनाले?"

"ज्याला दिसते त्याले. आतापर्यंत बायकोलेच विचारत होतो. चोरून." तो नकळत घरच्या बोलीत बोलत होता. सोनियाकडे वळून म्हणाला, "तू खुल्ला विचारजो. मी तुला बोललो ते चूक होतं. माझी चूक होती ती."

सोनियाने मान हलवली. रडली नाही. मग आईच्या पदराचं टोक तिने दोन बोटांत धरलं, उजेडाकडे नेलं आणि विचारलं, "मम्मी, ये कौन सा कलर है?"

आईने पदराकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती हीच साडी मुलीच्या समोर नेसत आली असावी.

"मेहंदी," ती हळूच म्हणाली. "मेहंदीसारखा हिरवा. काठ तेवढे लाल आहेत, बाई."

बाकावर बसलेला प्रफुल्लही कान देऊन ऐकत होता. त्यालाही माहीत नव्हतं.